धाकट्या घरातली आमा

थोंगचुन, झांस्कर
९ जून १९९३

मोरुप अचो,

पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर आधी शेवटपर्यंत वाच आणि मग फाड. पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे तू बघताक्षणी ओळखणार, म्हणून पत्ता डाकवाल्या नोर्फेलकडून लिहून घ्यायचा माझा विचार होता. तो म्हणाला, "कुंझेस, मी डाक वाहतो, लबाडी वाहत नाही. आठ वर्षं सख्ख्या भावाशी बोलली नाहीस, आता निदान स्वतःच्या अक्षरात भीक माग." त्याची जीभ अजून तशीच आहे. गुडघे मात्र गेले. पदुमहून इथे यायला आता दोन दिवस लावतो.

तर भीक मागते. मला भीती वाटते आहे, अचो.

यंदा चुरपोन होण्याची पाळी आपल्या घराची आहे. बाईने गावाचं पाणी वाटायचं की नाही यावर तीन बैठका झाल्या. म्हाताऱ्यांनी एवढी चँग प्यायली की शेवटी कोण कुणाच्या बाजूने आहे तेच कळेना. मग गावचा प्रमुख या नात्याने गोबा थिनलेस म्हणाला, "पाळी चुकली तर घर वाटणीत कायमचं शेवटी जातं. मोरुप उद्या परत आला तर त्याला काय तोंड दाखवू?" म्हणजे फावडं मी उचललं ते तुझ्या नावावर.

सुरुवात झकास झाली. एप्रिलमध्ये आबांसारखीच चुलीची राख पाठीवर बांधून वर गेले आणि बर्फावर फेकली. काळ्या बर्फाला ऊन लवकर लागलं आणि पेरणीचं पाणी बारा दिवस आधी पाटात आलं. सगळं गाव खूश. माझ्या लग्नातही लोक एवढे खूश झाले नसते, म्हणजे ते झालं असतं तर.

आता गेले आठ दिवस ऊन असं आहे की गच्चीवर वाळत टाकलेलं चीज तासाभरात दगड होतंय. आणि ओढ्याचं पाणी निम्मं झालंय. ऊन वाढलं की पाणी वाढतं हे आपल्या गाढवालासुद्धा ठाऊक आहे. काल पाटावर गोबाची सून सगळ्यांसमोर म्हणाली, "चुरपोन बाई, पाणी तुमच्या वेणीत अडकलंय का? सोडा की जरा." बायका खो खो हसल्या. मीही हसले. घरी येऊन दार लावून बसले.

आबा काय म्हणायचे आठवतं ना? उन्हात ओढा आटला तर समजायचं की वर कोणीतरी तो धरून ठेवलाय, आणि जो धरतो तो कधीतरी सोडतो. उद्या पहाटे मी वर बघायला जाते आहे. एकटीच. सोबत न्यावं असं कोणी उरलं नाही. धडधाकट पुरुष जवळजवळ सगळे फौजेची ओझी वाहायला गेले आहेत. मेमे-आजोबांच्या काळी माणसं जवाचे ठिके मेंढ्यांवर लादून मिठाच्या तळ्याकडे जायची आणि हिवाळ्याआधी परत यायची. आताची गेलेली कधी येतात ते तुला जास्त ठाऊक.

आबांच्या बाबतीत जे झालं ते झालं. तेव्हा मी जे बोलले ते सगळं गाव मनात बोलतच होतं. ते आता उगाळायला नको.

तू लेहला ट्रक चालवतोस आणि डाक चहाच्या दुकानावर घेतोस असं ऐकलं, म्हणून त्या पत्त्यावर पाठवते आहे. एक ओळ लिही. वहिनीला लिहायला सांगितलंस तरी चालेल.

कुंझेस


१६ जून

मोरुप अचो,

पहिलं पत्र अजून पदुमलाच असेल, पण मला थांबवत नाही.

वर तळं झालंय.

पाटाच्या मुखापासून वर, जिथे दोन्ही कडे एकमेकांना टेकल्यासारखे जवळ येतात, तिथे हिमनदीचं टोक तुटून आडवं पडलंय. बर्फ, दगड, चिखल सगळं एकत्र. घराएवढाले तुकडे. आणि त्याच्या मागे पाणी. मी चढून वर आले, समोर बघितलं आणि तिथेच दगडावर बसले. गेल्या वर्षी आपल्या झोमो गाई जिथे चरल्या ते कुरण नाहीच. त्याच्या जागी हिरवट, गप्प पाणी. वाराही नव्हता. बर्फाच्या आतून मधूनमधून कडकड आवाज यायचा, आणि प्रत्येक आवाजाला मी आमाचं नाव घ्यायचे.

पाणी किती चढतं ते कळावं म्हणून बर्फाच्या भिंतीच्या माथ्यापर्यंत सात दगडांची एक रांग मांडली. एकाच्या वर एक, उतारावर, दोन-दोन हात अंतरावर. मांडले तेव्हा पहिला दगड पाण्याला टेकत होता. परवा पुन्हा गेले तर दोन बुडालेले.

गोबाला सांगितलं. तो हसला नाही. त्याने त्याच दिवशी दोन माणसं पाठवली, ती धावतच परत आली. मग बैठक झाली. घरं सगळी वरच्या टेकाडावर आहेत, त्यांना भय नाही. खाली ओढ्याकाठी काय आहे? पिठाची चक्की, जवाची सहा शेतं आणि धाकट्या घरात आपली आमा. चक्कीचे दगड काढून वर आणले. शेतं उचलता येत नाहीत. आमाला उचलता येईल, असं सगळ्यांना वाटलं.

गावदेवाच्या ल्हाटोपाशी ओल्या जुनिपरचा ढीग रचलाय. पाळीपाळीने एक माणूस वर कड्यावर बसतो. पाणी सुटलं तर त्याने कपडा फिरवायचा आणि ल्हाटोवरच्या माणसाने धूर करायचा. धूर दिसल्यापासून पाणी गावाखाली यायला किती वेळ लागेल? गोबा म्हणतो, एक पेला चहा प्यायला लागतो तेवढा. आमाला आपल्या धाकट्या घराच्या पायऱ्या उतरायलाच तेवढा वेळ लागतो.

एक गोष्ट गावाला सांगितली नाही, तुला सांगते. आबा राखेच्या तीन पाट्या टाकायचे. मी अकरा टाकल्या. बाईच्या हातून पाणी उशिरा आलं असं कोणी म्हणू नये म्हणून अकरा. ते तळं मी भरलंय की काय, अचो? झोपेतही माझ्या हाताला राखेचा वास येतो.

कुंझेस


२५ जून

मोरुप अचो,

चार दगड बुडाले.

आमा हलत नाही. सगळं करून झालं. मी रडले, ओरडले, तिची झोमो सोडून वर आणली. ती म्हणाली, "ने. तुला धार काढू देते का बघ." काल गोबा चार माणसं घेऊन गेला. आमा दारात जपमाळ घेऊन बसली होती. गोबा गोड आवाजात म्हणाला, "आमा-ले, चार दिवस थोरल्या घरात राहा. पाणी गेलं की परत या."

आमा म्हणाली, "थिनलेस, तुझं नाक पुसलंय मी. मला अक्कल शिकवू नको. थोरल्या घरातून आईबाप एकदा खाली धाकट्या घरात आले की पुन्हा वर जातात कधी?"

गोबा डोकं खाजवू लागला.

"सांग ना. गोबा आहेस तू."

"घर घेतलेला मुलगा मेला तर," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मग? माझा मेलाय का?"

एकजण हळूच म्हणाला की आपण उचलूनच नेऊ. आमाने ऐकलं. "उचला. पण माझ्या अंगाला हात लावलात तर एकाच देवाच्या फासपुन घरांपैकी एकानेही माझ्या चितेला हात लावायचा नाही. कुत्र्यांनी खाल्लं तरी चालेल." चौघेही दोन पावलं मागे सरकले. वेळ आलीच तर आम्हाला जाळायला हीच माणसं आहेत, त्यांनाच असं तोडलं तर मागे काय राहतं? गोबाने स्वतःचं घर देऊ केलं. त्यावर आमा म्हणाली, "आणि लोक काय म्हणतील? मुलगा गेला, मुलीने हाकलली, आता गोबाच्या चुलीपाशी बसते?"

तुझ्या लग्नात वाजतगाजत खाली गेलेली बाई ती. तू घर टाकून गेलास तरी तिच्या लेखी थोरलं घर तुझंच आहे. मी तिथे राहते ती राखणदार म्हणून. आठ वर्षं एकदाही ती त्या उंबऱ्याच्या आत आली नाही. मला ताप आला होता तेव्हासुद्धा बाहेरून हाका मारत होती.

म्हणून तुला सांगते, आता हे फक्त तुझ्या हातात आहे. ये. येता येत नसेल तर लिही. "आमा, मी जिवंत आहे, मी सांगतो म्हणून वर जा." एवढंच. लेहहून पत्र यायला किती दिवस लागतात ते मी नोर्फेलला इतक्यांदा विचारलंय की तो लांबून मला बघून बोटं दाखवतो.

तू उत्तर का देत नाहीस ते मला कळतं. आबांच्या चितेपाशी मी सगळ्या गावासमोर म्हणाले की तूच त्यांना पाटाच्या मुखाशी पाठवलंस, बर्फ पोकळ झालाय हे ठाऊक असून काही बोलला नाहीस. त्या दिवशी सकाळी तू मला काहीतरी सांगितलं होतंस, हे खरं. काय ते मला नीट आठवत नाही. मी तेव्हा तुझ्यावर रागावले होते. का ते तुला माहीत आहे. माझ्यासाठी आलेलं स्थळ चांगलं होतं, आणि घरात हात कमी पडतील म्हणून तू त्यांना परत पाठवलंस.

बाकी भेटलास की बोलू.

कुंझेस


५ जुलै

अचो,

हे पत्र तुला लिहिते आहे की कुणाला, ते मला ठाऊक नाही.

परवा लोकर विकत घ्यायला कारगिलकडचा माणूस आला होता. आमाच्या ओट्यावर बसून त्याने चहा घेतला, मी लोकर मोजत होते. बोलता बोलता म्हणाला, मे महिन्यात लेहच्या वाटेवर घाटात दोन ट्रक कोसळले. एकाचा ड्रायव्हर झांस्करचा होता म्हणतात. मी विचारलं, नाव काय? त्याला माहीत नव्हतं. कुठल्या गावचा? तेही नाही. "तुमच्याकडचाच कोणी, डावखुरा होता म्हणे," असं म्हणून त्याने दुसरा पेला पुढे केला.

आमाने त्याला चहा ओतला. सांडला नाही. एक थेंबही नाही.

डावखुरे काय तू एकटाच आहेस? चार-पाच असतील. मी रात्रभर तेच मोजत होते. सकाळी वर गेले तर सहा दगड बुडाले होते आणि सातवा ओला होता. बर्फाच्या भिंतीच्या पोटातून एक बारीक धार निघालेली. मनगटाएवढी. खाली पळत आले ते थेट घरात, आणि तुझं पत्र लिहिलं.

होय. तुझं. "आमा-ले, मी सुखरूप आहे. शेताच्या कापणीला येतो. तोवर तू वरच्या घरात राहा, हे माझं सांगणं आहे. मोरुप." नोर्फेलने ऐकलं तर माझ्या तोंडावर थुंकेल. मी काय केलं, कागद चुरगाळला, पुन्हा सरळ केला, थोडं तूप लावलं, म्हणजे लांबून आल्यासारखा दिसावा.

आमाला म्हटलं, लोकरवाला द्यायला विसरला होता, वाटेतून परत येऊन देऊन गेला. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. तिने कागद मागितला. तिला अक्षर कुठे येतं? पण खूप वेळ हातात धरून बसली, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग घडी करून अंगरख्यात ठेवला.

"बरं," म्हणाली. "जाऊ या."

माझा विश्वास बसेना. चहाची ढवळणी, दिवा, जपमाळ एवढंच घेतलं. टेकाड चढताना मी तिला मागून धरलं होतं. थोरल्या घराच्या उंबऱ्यापाशी थांबली आणि गळ्यातली पोवळ्यांची माळ काढून माझ्या हातात दिली. चढताना टोचत असेल असं मला वाटलं. मी एवढी खूश होते, अचो, की दुसरं काही सुचलंच नाही. ती आत आली. खांबाला हात लावून उभी राहिली.

ही कालची, म्हणजे चार तारखेची गोष्ट. आज ती माझ्या चुलीपाशी बसली आहे. दिव्यात तूप घालते आहे.

तू जिवंत असशील तर मला माफ कर. तुझ्या नावाने खोटं लिहिलं.

कुंझेस


१३ जुलै

अचो,

पाणी आलं. परवा, अकरा तारखेला, दुपारी, जेवणं चालली असताना.

आधी धूर दिसला. मग काहीच नाही. चिमणीसुद्धा ओरडेना. मग खालून नाही, पायाखालून आवाज आला. ताटं हलली. मी गच्चीवर धावले. ओढ्यातून पाणी येत नव्हतं, काळी भिंत येत होती, तिच्यात बर्फाचे तुकडे, आख्खी झाडं आणि ती भिंत चालल्यासारखी येत होती, घाई नसल्यासारखी. चक्की गेली. सहाच्या सहा शेतं गेली, कणसं नुकती धरत होती. धाकटं घर मी डोळ्यांनी बघितलं. आधी पायरी गेली. मग भिंत वाकली, आणि गच्चीवर रचलेलं हिवाळ्याचं गवत तेवढं थोडा वेळ पाण्यावर राहिलं.

माणूस एकही गेला नाही. गोबाने माझ्या पाठीवर थाप मारली. "चुरपोन-ले," म्हणाला. मग त्याने विचारलं, "राख किती टाकली होतीस?" त्याला सगळं ठाऊक होतं! मी म्हटलं, अकरा. तो म्हणाला, "तीन काय नि अकरा काय. एवढा मोठा डोंगर तुझ्या पाट्या मोजत बसतो काय? जा, आईजवळ बस." त्या एका वाक्याने मी जेवढी रडले तेवढी आबा गेले तेव्हाही रडले नव्हते.

घरात आले तर आमा चुलीपाशी तशीच. तिला म्हटलं, "आमा, धाकटं घर गेलं. तू तिथे असतीस तर?" ती म्हणाली, "हं."

मग तिने अंगरख्यातून तो कागद काढला.

"पोरी," ती म्हणाली, "मोरुपची ओळ एवढी सरळ कधी झाली?"

मला कळेना.

"डावखुरा तो. लहानपणी खांबावर कोळशाने लिहायचा ते सगळं डावीकडून सुरू व्हायचं आणि उजवीकडे खाली घसरायचं. बाप म्हणायचा, या पोराचं अक्षर टेकाड उतरतं. मला वाचता येत नाही. पण दिसतं."

"मग तू आलीस कशाला?"

"तू लिहिलंस म्हणून. जिवंत भावाचं पत्र बहीण कशाला लिहील?"

अचो, मी तिला सांगितलं. "आमा, तुझा जीव वाचावा म्हणून लिहिलं. तो आहे की नाही हे मलाही माहीत नाही." ती म्हणाली, "तेच तर." ती पाण्याच्या भीतीने वर आलीच नव्हती. तू मेलास म्हणून आली होती. उंबऱ्यावर माळ काढली ती त्यासाठी. चार तारखेपासून तुझ्या नावाचा दिवा लावते आहे आणि दिवस मोजते आहे. गोन्पातून लामाला बोलावणं गेलंय. एकोणपन्नासाव्या दिवशी, म्हणजे एकवीस ऑगस्टला, कागदावर तुझं नाव लिहून तो कागद जाळतील, म्हणजे तू पुढे जाशील.

मी तिला वाचवलं आणि तुला मारलं, असं झालंय हे. तू खरंच घाटात गेला असशील तर हा दिवा तुला दिसत असेल. आणि नसशील तर एकवीस तारखेच्या आत काहीतरी पाठव. रिकामं पाकीट पाठव, पण पत्ता तुझ्या हाताने लिही.

आबांची ती सकाळ मला आठवते. नीट आठवते. आधीच्या एका पत्रात आठवत नाही म्हणून खोटं लिहिलं. पण ते लिहायला हात धजत नाही.

कुंझेस


१२ ऑगस्ट

पोस्टकार्ड पहिलं

मोरुप अचो, आज नोर्फेल आला. दारातून ओरडला नाही, म्हणून मी समजले की वाईट बातमी आहे. त्याने झोळीतून माझी पाचही पत्रं काढून समोर ठेवली. एकही फोडलेलं नाही. म्हणाला, "परत आलीत. वाईट वाटून घेऊ नकोस." प्रत्येकावर, मी लिहिलेल्या पत्त्यावर आडव्या दोन रेघा आणि खाली शाईने लिहिलेलं: "घ्यायचं नाही. जिथून आलं तिथे पाठवा." पाचही ओळी डावीकडून सुरू होऊन उजवीकडे खाली घसरलेल्या.

मी ती पाकिटं घेऊन आमाकडे धावले. चुलीत पाय अडकला, भाजला, पर्वा नाही. तिने पहिलं पाकीट डोळ्यांजवळ धरलं. मग दुसरं. विचारलं, "काय लिहिलंय?" मी सांगितलं. ती हसायला लागली. पाचही पाकिटं कपाळाला लावली. "अजून रागावलाय," म्हणाली. "मेलेलं माणूस रागवत नाही. दिवा विझव!"

पोस्टकार्ड दुसरं

तू काही वाचलंच नाहीस, म्हणून थोडक्यात. वर तळं झालं होतं, फुटलं. धाकटं घर वाहून गेलं. आमा ठीक आहे. लामाला आज निरोप गेला की येऊ नका. आणि आता गंमत ऐक. दिवा विझल्याबरोबर आमाने ढवळणी उचलली आणि थोरल्या घरातून निघाली. मुलगा जिवंत आहे तर त्याच्या घरात मी कशी राहू, म्हणते. खाली घर नाही म्हटलं तर म्हणते, "खळं आहे ना." खळ्यावर घोंगडीचा आडोसा करून बसली आहे. गोबाने येऊन डोक्याला हात लावला. धाकट्या घराच्या पायाचा पहिला दगड थोरल्या मुलाने ठेवायचा असतो, तोवर ती दुसऱ्या कुणाला दगड रचू देत नाही. महिन्याभरात रात्री गोठायला लागतील. माझी भीती संपतच नाही, अचो, नुसती जागा बदलते.

पोस्टकार्ड तिसरं

बंद पत्र तू न वाचता परत पाठवतोस, म्हणून हे उघडं लिहिते आहे. नोर्फेल समोर बसलाय, त्यालाही वाचायला देणार आहे, आणि त्याने वाचलं की दोन दिवसांत पदुमपर्यंत प्रत्येक गावाला कळेल. मी जे बोलले ते सगळ्या गावासमोर बोलले होते, तर हेही सगळ्यांना कळू दे.

त्या सकाळी तू पाटाच्या मुखाकडून खाली आलास. मी झोमोंची धार काढत होते. तू म्हणालास, "आबांना सांग, मुखाशी बर्फ पोकळ झालाय, मी दुसऱ्या पाटावरून येईपर्यंत कोणीही वर जायचं नाही." मला शब्दन् शब्द आठवतो. मी रागावले होते. मनात म्हटलं, हा स्वतःच सांगेल, मी काय त्याची नोकर आहे? आबा फावडं घेऊन माझ्या समोरून वर गेले. मी मान वर केली नाही. आणि चितेपाशी म्हणाले की मोरुप काही बोललाच नाही. तू माझ्याकडे बघितलंस. मी बोलेन म्हणून वाट बघत होतास. मी बोलले नाही. आठ वर्षं नाही.

तू काही केलं नव्हतंस. मी केलं होतं.

आता हे आमाला वाचून दाखवायला खळ्यावर जाते आहे. पोस्टापेक्षा त्याचीच मला जास्त भीती वाटते.

तू ये किंवा येऊ नकोस. पण पायाचा दगड मी ओढ्यातून काढून खळ्यापाशी आणून ठेवलाय.

कुंझेस

(नोर्फेलने तिन्ही कार्डं वाचली. चहा अर्धा ठेवून उठला आणि ती झोळीत सगळ्यांत वर ठेवली. दारात वळून एवढंच म्हणाला, "हे मी पदुमला टाकणार नाही. कारगिलपर्यंत स्वतः नेतो." एवढं लिहायला कार्ड त्याच्याकडून परत मागून घेतलं.)